आईचा स्कार्फ सौंसरला जातो

सौंसरला मे महिन्यात हौसेनं कुणी जात नाही. मी ज्या तयार कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, तिथल्या बायकांना रजेचं कारण सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "हे कुठं आलं?" आणि दुसरा, "मध्य प्रदेशात? म्हणजे आता हिंदी बोलायचं?" हिंदी-बिंदी काही बोलावं लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. नागपूरहून वर गेलं की हद्द कधी ओलांडली ते कळतसुद्धा नाही. पाट्या तेवढ्या बदलतात, माणसं मराठीच बोलतात. आपण घाईघाईनं 'करतो' म्हणतो तिथं ती निवांतपणे 'करून राहिलो' म्हणतात, एवढाच फरक.

जायचं कारण वर्षाचं लग्न. वर्षा म्हणजे माझी मावसबहीण, सौंसरच्या कुसुममावशीची मुलगी. डी.एड.साठी ती आमच्याकडे पुण्याला राहिली होती, आणि दर रविवारी आई तिला पुढ्यात बसवून तिच्या डोक्याला तेल थापायची. माझे केस आखूड, मला ते सुख नव्हतं. आईचे स्वतःचे केस मात्र असे होते की वेणी घालून उभी राहिली तर शेपूट कंबरेखाली जायचं.

ते केस हिवाळ्यात गेले. आईला कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, मग इंजेक्शनं सुरू झाली आणि दुसऱ्या इंजेक्शननंतर वेणी उशीवरच राहिली. शेवटचं इंजेक्शन एप्रिलच्या सुरुवातीला झालं. डॉक्टर म्हणाले, केस परत येतील, घाई करू नका. आईनं मान डोलावली आणि त्या दिवसापासून आरशात बघणं सोडलं. डोक्याला ती हातही लावायची नाही. अंघोळीत वरून तांब्या ओतला की झालं.

आम्ही एक टोप आणला होता. तो घालून ती म्हणाली, "नाटकात दासीचं काम मिळेल मला," आणि तो कपाटात गेला. मग उरला स्कार्फ. दुकानात मी स्कार्फच विकते, त्यामुळे मला आपण फार शहाण्या आहोत असं वाटत होतं. चौकोनी स्कार्फ तिरका दुमडून हनुवटीखाली गाठ मारली की लुनावर बसायला मोकळ्या. गाठ मानेमागं नेली की पंजाबी ड्रेसवर शोभतो. अरुंद घडी करून कपाळावरून केसांत बांधला की मिडीवर, आणि नुसता गळ्याभोवती सैल टाकून खांद्याशी टाचला की साधा शर्टसुद्धा उठून दिसतो. साडीवर स्कार्फ मात्र मला कधी पटला नव्हता. तो आईसाठी शिकावा लागला. प्रवासाच्या सुती साडीवर छापील स्कार्फ, धुळीच्या नावाखाली. घरच्या साडीवर टॉवेल गुंडाळायचा, जशी काही आत्ताच न्हायली आहे. लग्नाच्या साडीवर काठाच्या रंगाचा रेशमी स्कार्फ आणि त्यावरून पदर. स्कार्फ ती दार लावून स्वतः घालायची, मग मी वरून गाठ आणि टोकं नीट करायची.

कारण सौंसरला कुणालाही काहीही माहीत नव्हतं. मावशीला 'छोटं ऑपरेशन' एवढंच कळवलं होतं.

तिगाव, चुकून

बाबांना रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघीच निघालो. नागपूरला गाडी बदलली. पांढुर्ण्याला उतरायचं आणि तिथून बसनं सौंसर. भर दुपारची पॅसेंजर, खिडकीच्या पत्र्याला हात लावायची सोय नाही. नरखेड गेल्यावर आम्ही सामान घेऊन दाराशी जाऊन उभ्या राहिलो, आणि तिथंच माझं शहाणपण उघडं पडलं. दुकानातला सगळ्यात देखणा स्कार्फ मी आईसाठी निवडला होता, जांभळ्या फुलांचा, नायलॉनचा. दारातून वाऱ्याचा एकच झोत आला आणि तो तिच्या डोक्यावरून असा सुटला की मी झेप घेऊन टोक पकडलं म्हणून राहिला.

आई मटकन खाली बसली, भिंतीकडे तोंड करून, पदर डोक्यावर ओढून. गाडी पांढुर्ण्यात शिरत होती. फलाटावर गर्दी होती.

"आई, उठ, आलं!"

"बांधल्याशिवाय मी उठणार नाही."

मी बांधला. तो घसरला. पुन्हा बांधला, पण नायलॉन गाठ धरत नव्हतं. चढणारी माणसं आमच्या अंगावरून, सामानावरून आत येत होती. तिसऱ्यांदा गाठ बसली तेव्हा गाडी हलली होती.

पुढचं स्टेशन तिगाव. तिथं आम्ही दोघी आणि आमची एक ट्रंक अशा तिघी उतरलो. झाडाखाली रुळांवर काम करणारा एक माणूस शिदोरी सोडून बसला होता. "अवो बाई, पांढुर्णा तं मागं राह्यलं," तो म्हणाला. हे आम्हाला माहीत होतं. त्यानं आपल्या मडक्यातलं पाणी दिलं, आणि मग आमच्या देखत आपला पांढरा दुपट्टा त्याच पाण्यात भिजवून बांधला. आपल्याकडे उपरणं असतं ते खांद्यावर मिरवायला. इथं दुपट्टा कामाचा. आधी डोक्यावरून घट्ट, मग दोन्ही कानांवरून खाली, गळ्याशी टोकांचा पीळ, आणि टोकं पुन्हा मागं नेऊन खोचलेली. उघडे राहतात ते डोळे आणि नाक.

"कानं झाका," तो आईला म्हणाला. "ही हवा कानातून शिरते. मंग मानूस उठून नाही राहत."

आईनं कान झाकले. तासाभरानं उलटी गाडी आली आणि आम्ही पांढुर्ण्याला परत आलो.  त्या तासात मला स्वतःच्या अक्कलहुशारीचा संतापच येत राहिला.

पांढुर्णा

बसला वेळ होता, म्हणून स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसलो. चहा दुधाचा, आणि साखर विचारून घालायची पद्धत नाही. चहावाल्याच्या कपाळापासून टाळूपर्यंत एक जुनी खूण होती, तिथं केस उगवले नव्हते. मी बघते आहे हे पाहून तो खूश झाला.

"हे गोटमारचं हाय, ताई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. जाम नदीच्या त्या काठाले सावरगाववाले, या काठाले आपन. नदीत पळसाचं झाड रोवते, अन् मंग चालू. दगडंच दगडं." त्यानं मान वाकवून खूण नीट दाखवली. शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकानं लगेच टोपी काढून आपली दाखवली. त्याची लहान होती, तर चहावाला हसला.

आईनं दोघांच्याही खुणा नीट बघितल्या, कौतुकसुद्धा केलं. बसमध्ये बसल्यावर मात्र खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "यांनी दाखवायच्या आणि मी लपवायची. गंमत आहे."

मला काही ती गंमत वाटली नाही.

सौंसर

मावशीचं घर म्हणजे शाळामास्तरांचं नेटकं चार खोल्यांचं घर, पुढं अंगण, मागं पडवी आणि विहीर. अंगणात मांडवाचे खांब उभे राहिले होते आणि वर जांभळीच्या फांद्या टाकायचं काम चाललं होतं. मावशी धावत आली, आईला मिठी मारली आणि मागं सरून बघतच राहिली.

"किती वाळली गं शालू! अन् हे डोक्याला काय बांधून राहिली? पुण्याची फॅशन का बाप्पा?"

"ऊन सोसत नाही तिला. वेणीही आतच गुंडाळली आहे," मी म्हटलं.

"घरात कुठं ऊन आहे?" असं मावशी म्हणाली खरी, पण तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली. पुढचे दोन दिवस मी त्या हाका मारणाऱ्यांचे मनात आभार मानत होते.

जेवायला गोळाभात होता. डाळीचे वाफवलेले गोळे भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-लाल मिरचीची कढत फोडणी इतकी घ्यायची की पुण्याच्या बाईनं डोळे मिटून घ्यावेत. मी तीनदा वाढून घेतला. आईनं ताट अर्धंच ठेवलं, कारण जेवतानाच मावशीनं बातमी दिली होती.

"तीन दिवसांनी हळद. आमच्याकडची रीत ऐकून ठेव. हळदीच्या आधी पाच सवाष्णींच्या डोक्याला तेल लागते अन् भांगात कुंकू. पहिलं तेल नवरीच्या मावशीचं. मी स्वतः लावून देणार तुझ्या डोक्याले. तुझ्या वेणीलाच अर्धी वाटी जाईल माझी!" सगळ्या बायका हसल्या. आईही हसली, पण हात गाठीकडे गेला होता.

विहिरीपाशी भांडी घासायच्या निमित्तानं मी तिला गाठलं. "आई, मावशीला सांगून टाक. आत्ताच्या आत्ता."

"लग्न लागलं की सांगेन. आत्ता सांगितलं तर ती हळद सोडून माझ्या गळ्यात पडेल. वर्षाच्या सासरच्यांना पहिल्याच दिवशी माझ्या आजाराची ओळख नको." मग म्हणाली, "आणि पाच जणींतून उठवतील मला. नवरा जिवंत असलेल्या बाईचं असलं डोकं, लग्नघरात! वर्षाला पहिली हळद मी लावणार आहे, मीनू. त्यासाठी मी आले. तेवढं झालं की माझं काही म्हणणं नाही."

"तेवढं झालं की" हे तिनं ज्या सुरात म्हटलं, तो मला मुळीच आवडला नाही. ऑपरेशनला जाताना तिनं कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या होत्या, तेव्हाचा तो सूर होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या स्कार्फची साथ पसरली. वर्षाच्या मैत्रिणींना आईची गाठ फार आवडली आणि मी दुकानात काम करते हे कळल्यावर मला अंगणात खाटेवर बसवून शिकवणी सुरू झाली. शिकवायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू. शाळेत शिकवणाऱ्या एकीला साडीच्या पदराखालून खांद्यावर घ्यायचा दाखवला, सायकलवर फिरणाऱ्या दोघींना कान झाकणारा. तो त्यांनी क्षणात सुधारला. तिगावच्या माणसासारखा गळ्याशी पीळ घालून टोकं मागं खोचली आणि म्हणाल्या, "ताई, तुमची गाठ इथच्या हवेत टिकत नाही." मग त्यातली एक उठली, "मावशींची मागची गाठ कशी आहे ते पाहू द्या ना," म्हणत सरळ आईच्या डोक्याकडे हात नेला. आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली टाकलं. सगळे तांदूळ अंगणभर झाले आणि मुलगी बिचारी घाबरून ते वेचायला बसली. मीही तिच्याबरोबर वेचायला बसले.

पडवीच्या दारात एक म्हातारी बसून हे सगळं बघत होती. त्या आक्का, मावशीच्या यजमानांच्या, म्हणजे मास्तरांच्या आत्या. लहानपणीच लग्न झालं, लहानपणीच नवरा गेला, तेव्हापासून याच घरात. जुन्या काळच्या विधवांचं विटक्या लाल रंगाचं लुगडं, पदर डोक्यावरून घेऊन कानांमागं खोचलेला. घरात कुठलीही अडचण आली की बायका त्यांच्याकडे पळत. आधी देवक की आधी चुडा, नारळ किती, दिवा कुणी लावायचा, सगळं त्यांना पाठ. आणि कार्य सुरू झालं की त्या आपण होऊन उठून मागच्या खोलीत जाऊन बसत. कुणी त्यांना जा म्हणत नव्हतं. थांबा म्हणणारंही कुणी नव्हतं.

जामसांवली

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळीच मावशीनं आम्हाला जामसांवलीला नेलं. लग्नाची पत्रिका मारुतीपुढं ठेवायची होती. आपले मारुती उभे असतात, इथला पिंपळाखाली निजलेला. पुजारी घाई करत नाही आणि धक्काबुक्की नाही, म्हणून नीट दर्शन झालं. तिथं प्रत्येक बाईच्या डोक्यावरून पदर. पुण्यात आपण देवळात तसं करत नाही, इकडे करतात. एवढ्या झाकलेल्या डोक्यांत आई पहिल्यांदा सरळ मान करून चालली. पायरीवर बसून तिनं आणि मावशीनं प्रसादाचं खोबरं वाटून खाल्लं, लहानपणीची भांडणं काढली, आणि मला वाटलं, सांगेल आता. नाही सांगितलं.

"काय मागितलं गं?" मावशीनं विचारलं.

"उद्याचा दिवस," आई म्हणाली. मावशीला वाटलं, ती वर्षासाठी बोलते आहे.

परत आलो तेव्हा दुपार झाली होती. आईनं खोलीत जाऊन टॉवेल गुंडाळला. बायका मांडवाकडे होत्या. मागच्या कोठीच्या दारातून आक्कांचा आवाज आला.

"पुन्याची बाई, इकडं ये. पोरीलेही आन."

कोठीत अंधार होता आणि पिकत घातलेल्या आंब्यांचा वास होता. आक्कांनी दार लोटायला सांगितलं.

"न्हाली केव्हा तू?"

"सकाळी," आई म्हणाली.

"काल बी न्हाली होती. टावेल वाळूनच नाही राहिला तुहा?"

आईनं माझ्याकडे बघितलं. 

"भेऊ नको. मी सारा जलम बोडक्या डोस्क्यावर कापड घेऊन राहिली. केस असले म्हंजे कापड फुगते, धरून राहते. तुह्यावरून घसरून राहिलं. अन् तुहा हात घडीघडी तिथं जाते. माहाही जाये, सुरुवातीले." मग त्यांनी सरळ विचारलं, "नवरा तं जित्ता आहे ना तुहा?"

"आहे. मला कॅन्सर झाला होता, आक्का. औषधानं गेले केस."

आक्कांनी ना हाय म्हटलं ना देवाचं नाव घेतलं. "येतीन?"

"डॉक्टर म्हणतात येतील."

"डाक्टर राहू दे. तू काय म्हनते?"

"मला नाही वाटत," आई म्हणाली आणि रडायला लागली. आजार कळल्यापासून ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. केस येणं म्हणजे तिच्या लेखी काय होतं, ते मला तेव्हा समजलं. केस आले तर आपण वाचलो, नाही आले तर नाही, असा हिशोब तिनं मनाशी मांडून ठेवला होता आणि तो रोज एकटीनं तपासत होती. नव्हे, तपासायला घाबरत होती.

आक्कांनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "मी सोवळ्यात आहो, तुले शिवत नाही. पाह्य इकडं." आणि त्यांनी स्वतःचा पदर खाली घेतला.

ते डोकं लहानसं होतं आणि चेहऱ्यापेक्षा कितीतरी गोरं. ऊन त्याला कधी लागलंच नव्हतं. मला राग आला. कुणाचा करायचा ते कळेना, कारण ज्यांचा करायचा ते सगळे केव्हाच मरून गेले होते.

आक्कांनी जुन्या धोतराची एक पट्टी घेतली, ओली करून पिळली, कपाळाच्या वरून कानांच्या मागं नेऊन मानेवर बांधली. "हे पह्यलं. हे डोस्क्याले चिकटते. अन् वरचं कापड याले चिकटते." वरून पदर घेतला आणि मान गदगदा हलवली. पदर जागचा हलला नाही. "नायलान फेकून दे. सुती पाह्यजे, जुनं, धुतलेलं. माह्या लुगड्याचं देल्लं असतं, पन ते लाल आहे. तुले नाही चालत. तुह्याच साडीचं फाड."

मी आईची जुनी सुती साडी फाडली. आईनं पाठ फिरवून पट्टी बांधली, वर स्कार्फ घेतला, आणि आक्कांसारखी मान हलवून बघितली. स्कार्फ राहिला. दुकानात इतके स्कार्फ विकले, पण ही पट्टी मला ठाऊक नव्हती. आता गिऱ्हाइकांना मी ती आधी दाखवते.

"पण उद्याचं तेल?" मी विचारलं.

"ते पाहू," आक्का म्हणाल्या आणि आंबे चाचपायला लागल्या.

हळद

सकाळी मांडवात पाच पाट मांडले. सनई-वाजंत्री दाराशी बसली. वर्षा पिवळ्या साडीत आली आणि आधी आईच्या पायाशी वाकली. आई पहिल्या पाटावर बसली होती, हिरवी साडी, हिरवा रेशमी स्कार्फ, त्यावरून पदर. रात्री तिनं मला सांगून ठेवलं होतं, तेल लावायला मावशी आली की भोवळ आल्याचं सोंग करीन. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी होते.

मावशी वाटी घेऊन आली. "काढ आता तो रुमाल. उन्हाचं नाव सांगून सांगून मांडवापर्यंत आणला!" बायका हसल्या. मावशीनं आईचा पदर मागं सारला आणि गाठीला हात घातला. आईनं दोन्ही हातांनी गाठ धरली. भोवळ वगैरे ती साफ विसरली होती.

"शालू, सोड ना. काहून असं करून राहिली?"

"मावशी, थांब!" मी ओरडले. माझा आवाज असा चिरका निघाला की वाजंत्रीवालाही थांबला. सगळा मांडव आमच्याकडे बघायला लागला. नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन आलेल्या दोघी बायका पुढं सरकल्या. मावशीची बोटं अजून गाठीवरच होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जात चाललं होतं.

"कुसुम! काय करून राहिली?"

आवाज पडवीच्या दारातून आला. आक्का उंबऱ्यावर उभ्या होत्या. मंगलकार्यात त्या तिथं उभ्या राहिलेल्या कुणी पाहिल्या नसाव्यात.

"नवरीच्या मावशीचं तेल मांडवात लावते का कोनी? देवापुढं लागते ते. दार लावून."

मावशी गोंधळली. "आक्का, हे कधी..."

"माह्या मायच्या वक्ताले असंच होतं."

"मागच्या लग्नात तं मांडवातच लावलं होतं," एक बाई म्हणाली.

"तव्हा मी बीमार होती, मले कोनी इचारलं नाही. म्हनून तं त्या पोरीच्या नवऱ्याची लगेच बदली झाली." ती बाई मागं सरकली. "अन् हे तेल घरातली सगळ्यात मोठी बाई लावते."

 घरातली सगळ्यात मोठी बाई उंबऱ्यावर उभी होती, लाल लुगड्यात. सवाष्णीच्या डोक्याला तिनं तेल लावायचं! मावशी मास्तरांकडे बघायला लागली, मास्तर खाली. नकार द्यायचा तर रीत कुणाला विचारायची? रीत सांगणाऱ्या तर त्याच.

"आई, लावू दे ना आक्कांना," वर्षा मावशीला म्हणाली. "मला चालते."

नवरीनंच म्हटल्यावर प्रश्न मिटला. मावशीनं वाटी माझ्या हातात दिली. (लग्न लागल्यावर आईनं तिला सगळं सांगितलं आणि दोघी बहिणींनी व्हायचं तेवढं रडून घेतलं. ती रीत मात्र कुणी मोडली नाही. शेजारच्या घरातही आता मावशीचं तेल देवापुढं दार लावून लागतं, असं ऐकते.)

देवघर म्हणजे तिघी कशाबशा मावतील एवढी खोली. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. बाहेर वाजंत्री पुन्हा सुरू झाली. आई देवापुढं बसली, स्कार्फ सोडला, पट्टी सोडली आणि डोळे मिटून घेतले.

आक्कांनी तळहातावर तेल घेतलं.  "मले कधी कोनी लावू नाही देल्लं," त्या म्हणाल्या, आईला की देवाला ते कळलं नाही. मग त्यांनी टाळूवर तेल ठेवलं आणि हळूहळू मागं चोळत नेलं. मानेशी त्यांचा हात थांबला. त्यांनी तो उलटा फिरवला, मानेकडून वर. पुन्हा फिरवला.

"पोरी, समई इकडं कर."

मी समई जवळ नेली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांचा हात असाच एका जागी थांबला होता. आईलाही तेच आठवलं असणार, कारण ती डोळे न उघडता म्हणाली, "काय आहे, आक्का? गाठ आहे का?"

"हात आन तुहा." आक्कांनी आईचा हात धरून तिच्याच मानेवर ठेवला आणि खालून वर ओढला. "खुपून राहिलं?"

"हो."

"केस आहेत ते. दिसत नाही अजून, पन आहेत. मले हातानं समजते. पंधरा दिवसं झाले की माह्या हाताले असंच खुपे, अन् मी समजे, उद्या न्हावी येते." त्यांनी आईचा हात तिथंच दाबून धरला. "तुह्याकडं न्हावी नाही येत."

आई कितीतरी वेळ हात उलटा फिरवत बसली, वर, पुन्हा खालून वर. मग तिनं आक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं, तेलकट, उघडं. बाहेरून मावशीनं हाक मारली तेव्हा तिनं पट्टी बांधली, स्कार्फ बांधला, गाठ स्वतः मारली. मला हात लावू दिला नाही. दार उघडून ती तरातरा मांडवात गेली, आणि वर्षाच्या गालाला पहिली हळद लागली तेव्हा बायकांनी गाणं सुरू केलं.

मी वाटी न्यायला परत वळले. आक्का देवघरातच होत्या, दाराकडे पाठ करून. वाटीच्या तळाशी थोडं तेल उरलं होतं. त्यांनी ते बोटांनी पुसून घेतलं, पदराखाली हात घातला आणि स्वतःच्या डोक्याला लावलं, मानेकडून वर, उलटं. मी दार हळूच लोटून घेतलं.